आईने मागितलेला कावळा

माझ्या आईच्या घरातून गुपचूप बाहेर पडणं कुणालाच जमलं नाही. तुम्ही निघालात की ती हातातलं काम टाकून पायरीवर येणार आणि तुम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत "यो हां, यो" म्हणत राहणार. आपल्याकडे "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात, आणि घरातल्याने "ये" म्हणायचं, ही रीत सगळ्यांचीच. पण आई त्या रीतीच्या हात धुऊन मागे लागली होती. सकाळी पाववाला पोदेर उंडे देऊन सायकलवर टांग टाकायचा, तर त्यालाही "यो रे". पोस्टमनला, मासळीवालीला, विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा. तो बिचारा दचकून मागे वळायचा, त्याला वाटायचं काहीतरी विसरलं.

आमचे हे तुयेच्या फॅक्टरीत कामाला. आमचं घर कारापूरला, माझी शाळा तिथून जवळ, आणि ह्यांना रोज पेडण्याच्या टोकाला जाणं सोसेना, म्हणून आठवड्याचे मधले दिवस हे पेडण्याला सासूकडेच राहायचे. सासू-जावयाचं असं गूळपीठ मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मी शनिवारी गेले की दोघं मिळून माझ्या तक्रारी करायचे. हे तिला चिडवायचे, की मी आंघोळीला चाललोय, तिथूनही परत येणार आहे, म्हणा एकदा "येवा". ती हसायची आणि खरंच म्हणायची. आम्हाला ती तिची खोड वाटायची. मी तर वैतागायचे, कारण तिच्या त्या हाका ऐकेपर्यंत थांबावं लागायचं आणि माझी बस चुकायची.

मी आफ्रिकेला गेले ती ह्यांच्यामुळे. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती. ह्यांच्या कंपनीने नैरोबीला मशिनं विकली आणि ती बसवायला ह्यांना पाठवलं. सहा महिने तिथे एकटा काय करू, सुट्टीत तू ये, असा ह्यांचा धोशा. मी नाताळच्या सुट्टीला रजा जोडली. जंगलात फिरायला नेतो, तिथली पाखरं बघून वेडी होशील, एका मित्राची लांब नळीची लेन्स मागून ठेवलीय, असं सगळं आमिष होतं. मला फोटोंचा नाद होताच. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मीच काढायचे, आणि कारापूरच्या घरामागच्या बागायतीत खंड्या नाहीतर हळद्या दिसला की भात करपला तरी बेहत्तर.

आईला सांगायला गेले तेव्हा ती पायरीवर चिंचा सोलत होती. मी उत्साहात रंगीत पाखरांचं सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चिंचेवरची नजर न काढता म्हणाली, "रंगीत पाखरां तुका होयी तितकी काड गो बाय. माका एक कावळो काडून हाड."

ती कावळा का मागत होती ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे बाबा बोटीवर खलाशी होते. मुंबईहून निघालेली बोट मुरगावला थांबायची, बाबा वास्कोला जाऊन तिच्यावर चढायचे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाऊन महिन्यांनी परत यायचे. मी तिसरीत असताना ते असेच गेले आणि मोंबासाला तापाने वारले. तिथल्या गुजराती मंडळींनी त्यांना अग्नी दिला. आमच्याकडे आधी तार आली, मग बऱ्याच दिवसांनी त्यांची पेटी आली.

मुलगा नाही म्हणून दिवस काकाने केले. नदीकाठी पिंड मांडला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर, पण खाली एकही उतरेना. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा उरली असेल, ती पुरी करतो म्हणून मोठ्याने कबूल करायचं, मग कावळा शिवतो, असं मानतात. काकाने हात जोडून सांगितलं, तुझ्या पोरीला मी चौथीपर्यंत शिकवीन. कावळा ढिम्म. सातवीपर्यंत शिकवीन. नाही. मग देवळात पावणीच्या लिलावाला बोली चढते तशी काकाची बोली चढत गेली. मॅट्रिक, कॉलेज, वहिनीला घर, घरामागची कलमं तिच्या नावावर, आणि शेवटी स्वतःची दारू सोडण्यापर्यंत काका आला. ऊन डोक्यावर आलं, भटजी कंटाळले, आणि दर्भाचा कावळा करून त्यांनी तो पिंडाला लावला. शास्त्राप्रमाणे झालं.

काकाने दारू सोडली नाही, पण बाकीचा एकेक शब्द पाळला. कावळा वेळेवर उतरला असता तर मी चौथीतच घरी बसले असते. तो आला नाही म्हणून मी बीए, बीएड झाले, मराठीची बाई झाले. हे मी वर्गात मुलांना सांगायचे आणि मुलं हसायची.

आई मात्र यावर कधी हसली नाही. दर्भाचा कावळा तिच्या गळी उतरलाच नव्हता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. माणूस जिथे जातो तिथल्या कावळ्यात तो येतो. आफ्रिकेत कावळाच नसेल तर बाबांनी कशात यावं? सिंह आहेत, हत्ती आहेत, शहामृग आहे असं ती ऐकून होती. कावळा आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ते अजून तिथेच अडकलेत, त्यांना कुणी इकडे आणलंच नाही, हे तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. आणि आता तिला दम लागत होता. हृदय मोठं झालंय, जपा, असं म्हापशाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हा तो कावळा लवकर मिळायला हवा होता, आणि तो आणणारी मीच होते.

निघताना तिने मला वळणापर्यंत "यो" म्हटलं आणि नंतर स्वतः वळणापर्यंत धापा टाकत आली. मी रागावले. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नैरोबीत उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी मी ह्यांच्या खोलीचं जनेल उघडून बाहेर पाहिलं, तर समोर एक पक्षी येऊन बसला. अंग काळं, चोच कावळ्याची, चाल कावळ्याची, आगाऊपणा तर शंभर टक्के कावळ्याचा, आणि छातीवर पांढराशुभ्र पट्टा. हे म्हणाले, घे, झालं तुझं काम, गंजी घातलेला कावळा. मी फोटो काढला, पण मन खट्टू झालं. आईसमोर हा ठेवला असता तर तिने तो उलटा करून ठेवला असता. तिच्या लेखी कावळा म्हणजे काळं अंग आणि करडी मान, त्यात सवलत नाही.

मग आम्ही जंगलात गेलो. पांढरी व्हॅन, तिचं छप्पर वर उचललं जायचं आणि आम्ही उभं राहून बाहेर बघायचो. चालवणारा धिप्पाड आणि शांत माणूस, त्याच्यापाशी पाखरांचं एक जाडजूड पुस्तक, वापरून वापरून कव्हर निघालेलं. आता खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी आईचा कावळा पार विसरले. वाळक्या फांदीवर नीलपंख बसला होता. आपल्या शेतातल्या तारेवर बसतो तोच, पण याच्या छातीवर कुणीतरी मूठभर जांभळा गुलाल फासला होता. पंख उघडले तर आत निळ्याच्या इतक्या छटा, की माझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि हात हलला. फोटोत फक्त शेपूट आली. पहिल्या दिवशीचा माझा सगळा संग्रह शेपटांचाच. हे म्हणाले, यांना शेपटावरून ओळखायची परीक्षा ठेव तुझ्या मुलांना.

हळूहळू जमायला लागलं. ऊन पाठीवर घ्यायचं, फांदीवर आधीच फोकस लावून ठेवायचा, इंजिन बंद करायला सांगायचं आणि श्वास धरायचा. वेडा राघू आपल्यासारखाच हवेत किडा पकडून त्याच फांदीवर परत येतो, म्हणून तो चांगला मिळाला. लाल चोचीचा धनेश मिळाला. जेवायला बसलो तिथे साळुंक्या पाव पळवायला आल्या. अंगावर निळा-हिरवा शालू, पोटाला नारिंगी रंग, लग्नाला निघालेल्या दिसत होत्या आणि वागणं मात्र एसटी स्टँडवरच्या साळुंक्यांचं. गवतातून एक उंच पक्षी चालत गेला, डोक्यामागे टाकासारखी पिसं, पाठ ताठ. आमचे हेडमास्तर वर्गावरून फिरतात ते असेच. त्याचा फोटो मी नंतर शाळेत कुणाला दाखवला नाही.

ओळखण्यावरून आमची रोज जुंपायची. तेव्हा गोव्यात भाषेचा वाद घराघरात शिरला होता आणि आमचं घर त्याला अपवाद नव्हतं. हे कोकणीचे, मी मराठीची. मी म्हणायचे सुगरण, हे कोकणीतलं काहीतरी सांगायचे, मी म्हणायचे हे तुम्ही आत्ता बनवलंत, व्हॅनवाला पुस्तक उघडून इंग्रजी नाव दाखवायचा आणि मग आपल्या स्वाहिलीत चौथंच सांगायचा. तोवर पाखरू उडून गेलेलं असायचं.

कावळ्याला स्वाहिलीत कुंगुरू म्हणतात, हा एक शब्द मात्र मी पहिल्याच संध्याकाळी शिकले. मी त्याला म्हटलं, मला कुंगुरू हवाय. तो हसला. त्याला वाटलं माझी गंमत चाललीय. लोक त्याच्याकडे चित्ता मागतात, बाईला कावळा हवाय. तरी त्याने बिचाऱ्याने शोधलं. तंबूंच्या मुदपाकखान्यामागे नेलं, तिथे घारी आणि टकलू करकोचे. रस्त्यावर मेलेल्या हरणाजवळ थांबवलं, तिथे गिधाडं आणि गंजीवालेच. एकदा सगळ्या व्हॅन एकदम एका बाजूला धावल्या, झाडाखाली सिंहीण पिल्लांना पाजत होती, आणि मी दुसऱ्या बाजूला तोंड करून एका पक्ष्याकडे बघत उभी, की त्याच्या छातीवर पांढरं आहे की उन्हाची तिरीप आहे. पांढरंच होतं. ह्यांनी डोक्याला हात लावला.

शेवटच्या दिवशी मी त्या व्हॅनवाल्याला सरळ सगळं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत बाबा, बोट, पिंड, आई. पिंड त्याला कितपत कळला कुणास ठाऊक, पण आई कळली. त्याने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, करड्या मानेचा हवा असेल तर इथे शोधू नका. तो मोंबासाला आहे, चिक्कार. तो आमचा नव्हेच. तुमच्याकडून बोटींबरोबर आला असं म्हणतात, आणि आता जायचं नाव घेत नाही.

मोंबासाला आम्ही जाणारच होतो, बाबांना जिथे अग्नी दिला ती जागा बघायला. पण तिथेही गंजीवालेच असणार असं मी गृहीत धरलं होतं.

रेल्वेतून उतरलो आणि पहिला आवाज कानावर आला तो "काव". माझे पायच थांबले. स्टेशनच्या छपरावर, तारांवर, आंब्याच्या झाडावर, कचऱ्याच्या डब्यावर, जिकडे तिकडे कावळे. करड्या मानेचे, आपले, पेडण्याच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांभोवती नाचतात तेच. आमच्या शेजारचा हमाल एकाला दगड मारत होता. मी त्याच्यावर मराठीत ओरडले.

स्मशान समुद्रापासून लांब नव्हतं. माड, आंबे, खारा वारा, सगळं इतकं आपल्यासारखं की बाबांना शेवटी परकं वाटलं नसेल असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. राखणदाराने आत सोडलं. कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा बसला होता. मान तिरकी करून तो आमच्याकडे बघत होता, आम्ही काही खायला आणलंय का एवढीच त्याला पडलेली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि काही दिसेचना. डोळे भरून वाहत होते. हे म्हणाले, दे, मी काढतो. म्हटलं, हात लावू नका. पदराने डोळे पुसले, परत भरले, परत पुसले. तो शहाणा कावळा तोवर थांबला. नंतर मी रोल संपून आपोआप गुंडाळायला लागेपर्यंत त्याचे फोटो काढत राहिले.

घरी परतल्यावर आईने प्रवास कसा झाला हे विचारलं नाही. मिळाला काय, एवढंच विचारलं. मी मान हलवली. करड्या मानेचा, मोंबासाचा, असं सांगितलं, तर म्हणाली आधी बघू दे.

रोल म्हापशाच्या स्टुडिओत दिले. आणायला गेले तर स्टुडिओवाल्याने जाडजूड पाकीट खुशीत पुढे केलं आणि माझं कौतुक केलं, बाई, काय रंग आलेत. मी तिथेच पाकीट उघडलं. नीलपंख, धनेश, साळुंक्या, शेपटं, हेडमास्तर. कावळा एकही नाही. मी विचारलं तर तो म्हणाला, ते वाया गेलेले ना, कावळेच आले होते नुसते, तुमचे उगाच पैसे जायला नकोत म्हणून छापले नाहीत. म्हणजे माणूस माझं भलंच करत होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली होती. त्याने घाबरून निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या, मी उजेडाकडे धरून पाहिल्या. काळोख्या आभाळासमोर भिंतीवर एक फिकट कावळा बसलेला होता. माझा जीव भांड्यात पडला. मोठा करून दे, म्हटलं, देवाच्या तसबिरीएवढा. आठवड्याने या, म्हणाला.

तो आठवडा वाईट गेला. आईला रंगीत फोटो दाखवायला गेले तर तिने पाकीट हातात घेतलंच नाही, जनेलावर ठेव म्हणाली. रात्री तिला दोन उशा लागायला लागल्या होत्या. मी सोमवारी शाळेला गेले तरी मन पेडण्यातच.

शनिवारी फोटो घेऊन थेट तिच्याकडे गेले. दुपार कलली होती. ती पायरीवर बसली होती, मी तिच्या मांडीवर फोटो ठेवला. तिने चष्मा पुसून लावला. तिचं बोट चोचीवरून, पाठीवरून, शेपटीवरून फिरलं आणि मानेवर थांबलं. किती वेळ थांबलं मला माहीत नाही, मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. शेवटी म्हणाली, "मान बघ. ह्यो आपलोच."

मला वाटलं झालं. मी रडायच्या बेतात होते, पण ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत. बाबांनी आदल्या खेपेला तिला शब्द दिला होता, की आता बोट पुरे, इथेच काहीतरी करीन. आणि परत बोटीच्या कागदावर सही करून आले. त्या सकाळी ते पेटी घेऊन निघाले तेव्हा ती दाराकडे पाठ करून मसाला वाटत बसली होती. ते याच पायरीवर उभे राहून म्हणाले, येतो गं. तिने वरवंटा थांबवला नाही. ते परत म्हणाले, येतो. तिने ऐकलं, आणि ती काही बोलली नाही. मग पावलांचा आवाज ऐकू आला, तो वळणापर्यंत.

"त्या दिवशी नदीर सगळ्यांनी कायबाय कबूल केल्यानी," ती म्हणाली. "माका कोणी इचारूकच नाय. कावळो कशासाठी थांबलो हा ता माका ठाऊक होता."

पोस्टमन, पोदेर, मासळीवाली, मीटरवाला, माझ्या चुकलेल्या सगळ्या बसगाड्या, एकदम माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी तिच्या पायांशी तशीच उभी राहिले.

तिने फोटो दोन्ही हातांनी उचलून रस्त्याकडे तोंड करून धरला. एरवी ती ओरडायची तशी ओरडली नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाली, "येवा हां. येवा."

थोड्या वेळाने तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. पायरीवर जरा सरकून माझ्यासाठी जागा केली.

"हाड आता," ती म्हणाली. "दाखय तुझी ती रंगीत पाखरां."